स्वमग्न बालकांचे शालेय संक्रमण

स्वमग्न बालकांचे शालेय संक्रमण : स्वमग्नता किंवा ऑटिझम असलेल्या बालकास विशेष शाळेतून अथवा विशेष वर्गातून सर्वसाधारण शाळेच्या वर्गात, म्हणजेच कमीतकमी निर्बंधांच्या शैक्षणिक परिस्थितीत, आणून तेथे स्थिर करण्याची प्रक्रिया. नव्या शाळेच्या पटावर नाव चढविल्याने ती पूर्ण होत नाही. बालकाची तयारी आणि वर्गाची तयारी अशी तिची दोन अंगे असून, आजवरच्या इतिहासात पहिल्या अंगाचा विचार फार झाला आणि दुसऱ्याचा त्या मानाने अत्यल्प.

‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छिन्नमनस्कतेच्या संदर्भात प्रथम योजिली. लहान मुलांमधील एक स्वतंत्र अवस्था म्हणून तिचे वर्णन लिओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी १९४३ मध्ये बॉल्टिमोर येथून केले. त्यानंतरच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर (१९०६–८०) यांनी तत्सम मुलांविषयीचे आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. केंद्र शासनाच्या हिंदी परिभाषेत ‘स्वपरायणता’ असा शब्द आढळतो. दोन्ही शब्दांतून मूल स्वतःतच रमलेले आहे व त्याला इतरांची गरज नाही, असा अर्थ ध्वनित होतो. तो बराचसा दिशाभूल करणारा आहे. स्वमग्न मुलास माणसे हवी असतात. परंतु त्यांच्याशी व्यवहार करण्याची इतरांना सहज अवगत होणारी रीत त्याला सहज उमगत नाही. आवाज, स्पर्श, उजेड यांविषयीची तीव्र संवेदनशीलता, ठराविक क्रमाचा आग्रह, भाषेचा उशिरा वा वेगळ्या प्रकारे होणारा विकास आणि एखाद्या विषयाची विलक्षण ओढ ही लक्षणे प्रत्येक मुलात निरनिराळ्या प्रमाणात आढळतात. म्हणूनच आता ‘वर्णपट’ या शब्दाने या अवस्थेचा निर्देश करतात.

न बोलणाऱ्या मुलास मुके समजून मूकबधिरांच्या संस्थेत ठेवण्याची प्रथा जुनी आहे. फ्रान्समधील आव्हेराँच्या जंगलात सापडलेला व्हिक्टर नावाचा मुलगा १८०० मध्ये पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणला गेला व झां इतार (१७७४–१८३८) या तरुण वैद्याने त्याला काही वर्षे चिकाटीने शिकविले. व्हिक्टर स्वमग्न असावा, असे काही आधुनिक अभ्यासकांचे मत आहे. इतार यांनी वापरलेली वस्तू, चित्रे व अक्षरफलक ही साधने पुढे विशेष शिक्षणाच्या परंपरेत कायम झाली.

कॅनर यांची अकरा मुले : कॅनर यांच्या १९४३ च्या लेखात आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा मुलांचे वर्णन आहे. सु. अठ्ठावीस वर्षांनी, १९७१ मध्ये, त्यांनी याच मुलांचा मागोवा घेतला. शालेय संक्रमणाच्या इतिहासात या दुसऱ्या लेखाचे महत्त्व पहिल्याहून कमी नाही. जी मुले सरकारी मनोरुग्णालयांत दाखल झाली, त्यांच्यातील पूर्वीची चमक लोप पावली होती. तेथील प्रवेश म्हणजे जवळजवळ जन्मठेपच ठरली, असे कॅनर यांना नमूद करावे लागले. याउलट, त्यांच्या यादीतील पहिला मुलगा डोनल्ड ट्रिप्लेट (१९३३–२०२३) बँकेत नोकरी करीत होता. मिसिसिपी राज्यातील आपल्या घरापासून काही मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी दांपत्याकडे तो लहानपणी काही वर्षे राहिला होता. वस्तू मोजण्याचा त्याला छंद होता. त्या दांपत्याने त्याला विहीर खणण्याच्या कामास लावून तिची खोली मोजावयास सांगितले. मेलेले पक्षी व किडे तो गोळा करी; त्यांच्यासाठी त्यांनी दफनभूमीची जागा नेमून दिली. मक्याच्या ओळी मोजण्याची त्याची सवय नांगरणीच्या कामात सामावून घेण्यात आली. पुढे तो गावच्या साध्या शाळेत गेला. तेथे त्याच्या लकबी सर्वांनी मान्य केल्या व त्याची अभ्यासातील प्रगतीही चांगली झाली. १९५८ मध्ये तो महाविद्यालयीन पदवीधर झाला. या दांपत्याजवळ विशेष शिक्षणाचे कोणतेही प्रशिक्षण नव्हते. मुलाची सवय मोडून काढण्याऐवजी तिला काम दिले, एवढेच त्यांनी केले. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही व त्याच्या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती उत्तम होती, हेही विसरता येत नाही; तथापि पुढील साठ वर्षांत जे वर्ग स्वमग्न मुलांना खरोखर सामावून घेऊ शकले, त्यांची रीत याहून फारशी वेगळी नव्हती.

मधल्या काळात मात्र वेगळेच घडले. आईच्या भावनिक थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, या मताचा ब्रूनो बेटलहाइम (१९०३–९०) यांनी हिरिरीने पुरस्कार केला आणि मुलास घरापासून दूर निवासी संस्थेत ठेवणे हाच उपचार मानला जाऊ लागला. स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड (१९२८–२००६) यांनी १९६४ मध्ये या अवस्थेचे मूळ जैविक असल्याचे साधार प्रतिपादन केले व मातांवरील हा आरोप हळूहळू मागे पडला. इंग्लंडमध्ये पालकांच्या संघटनेने १९६५ मध्ये लंडनच्या ईलिंग भागात सिबिल एल्गर यांच्या नेतृत्वाखाली शाळा काढली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर (१९२७–२००६) यांच्या कार्यास १९७२ मध्ये राज्यव्यापी कार्यक्रमाचे रूप आले. चित्रांचे वेळापत्रक, प्रत्येक कामाची ठरलेली जागा, कामाचा आरंभ व शेवट डोळ्यांना दिसेल अशी मांडणी ही त्यांची पद्धत पुढे भारतातही पोहोचली. इव्हार लोव्हास (१९२७–२०१०) यांनी १९८७ मध्ये जाहीर केले, की आठवड्याला चाळीस तासांचे वर्तन-प्रशिक्षण दिलेल्या एकोणीस मुलांपैकी नऊ मुले सर्वसाधारण पहिलीच्या वर्गात यशस्वी झाली. या निष्कर्षाने पालकांना मोठी आशा दिली. परंतु त्यातील प्रयोगरचनेवर व शिक्षेच्या वापरावर कठोर टीकाही झाली. मूल इतरांहून वेगळे ओळखू न येणे ही यशाची कसोटी त्यात गृहीत होती. आपले वेगळेपण लपविण्याचे ओझे मुलाने आयुष्यभर का वाहावे, असा प्रश्न पुढे प्रौढ स्वमग्न व्यक्तींनीच उपस्थित केला.

कायद्याने या प्रश्नात प्रथम हात घातला तो १९७५ मध्ये. अमेरिकेच्या त्या वर्षीच्या अधिनियमाने प्रत्येक अपंग बालकास कमीतकमी निर्बंधांच्या परिस्थितीत शिक्षण देणे शाळांवर बंधनकारक केले. मुलास सामान्य वर्गाबाहेर ठेवावयाचे असल्यास त्याचे कारण दाखविण्याची जबाबदारी त्यामुळे शाळेवर आली. १९९० मध्ये त्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख झाला. इटलीने १९७७ मध्ये विशेष वर्गच रद्द केले. इंग्लंडमधील वॉरनॉक समितीचा १९७८ चा अहवाल, १९९४ चा सालामांका जाहीरनामा व भारताने २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांविषयीचा करार हे त्यापुढील टप्पे होत.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : वेगळी शाळा की सामाईक शाळा, हा प्रश्न महाराष्ट्राला, विशेषतः कृष्णाकाठाला, नवा नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठी असलेल्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी सामाईक शाळांत घेण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले या गावी भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व कामेही एकत्र करीत. स्वतंत्र शाळांमागे एके काळी उपकारबुद्धीही होती. वर्ज्य मानलेल्या मुलांना निदान कोठेतरी अक्षरे गिरविता यावीत, हा हेतू त्यांत होता. परंतु वेगळी सोय उपलब्ध आहे, या सबबीवर सामाईक शाळेला आपले दार बंद ठेवता आले. विशेष शाळांच्या बाबतीत हाच धोका पुढे दिसून आला.

हे साम्य एका मर्यादेपर्यंतच नेता येते. जातीमुळे बाहेर ठेवलेल्या मुलात वर्गात बसण्यास कोणतीच उणीव नव्हती. अडथळा सर्वस्वी वर्गाच्या मनात होता. स्वमग्न बालकाच्या बाबतीत मनातील अडथळा दूर झाल्यावरही घंटेचा कर्कश आवाज तसाच राहतो, न समजणारी सूचना तशीच राहते आणि मधल्या सुट्टीतील गोंधळही तसाच राहतो. येथे दार उघडून भागत नाही. सामाईक वसतिगृह चालविताना भाऊरावांनाही नुसत्या प्रवेशावर थांबता आले नव्हते. स्वयंपाक, पंगत, झोपण्याची जागा व कामाच्या पाळ्या अशी दिनक्रमाची सगळी घडीच त्यांना नव्याने बसवावी लागली. हा धडा मात्र शालेय धोरणात अभावानेच उतरला.

विशेष शिक्षण व कायदा : अपंग मुलांना आवश्यक असेल तेव्हाच इतरांपासून वेगळे करावे, असे तत्त्व १९४४ च्या सार्जंट अहवालातच आले होते. त्याच वर्षी मुंबईत जय वकील शाळा सुरू झाली. तिच्या संस्थापक दांपत्यास आपल्या मुलीसाठी कोठेच शाळा मिळत नव्हती. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ ही संस्था काढली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शक्य तितक्या अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची शिफारस केली. मूळचे आजरा तालुक्यातील जे. पी. नाईक (१९०७–८१) हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. तिच्यात पुस्तके, गणवेश, प्रवासभत्ता व विशेष शिक्षकाची सोय होती. स्वमग्नतेचा मात्र उल्लेख नव्हता. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी प्रथम विशेष शाळा चालविली आणि १९९९ च्या सुमारास आपलेच विद्यार्थी सर्वसाधारण शाळांत पाठविण्याचा मार्ग स्वीकारला. विशेष शाळेने आपलाच पट कमी होऊ देणे, यासाठी लागणारे धैर्य फार थोड्या संस्थांनी दाखविले आहे.

स्वमग्न मूल या व्यवस्थेत दीर्घकाळ कोणत्याच रकान्यात बसले नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील यादीत स्वमग्नता नव्हती. त्यामुळे सवलत हवी असल्यास अशा मुलास ‘मतिमंद’ असे प्रमाणपत्र घ्यावे लागे आणि त्या प्रमाणपत्रावरून त्याची वाट मतिमंदांच्या शाळेकडे वळे. तेथे गेलेले मूल चांगले वाचू लागले, तरी त्याच्यापुढे वाचनाचा पुढला धडा ठेवला जाईलच, याची शाश्वती नसे. दिल्लीत मेरी बरुआ या मातेने १९९१ मध्ये स्थापन केलेली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था, पुण्यातील प्रसन्न ऑटिझम सेंटर व मुंबईतील पालकांचे गट यांच्या खटपटीमुळे या अवस्थेची स्वतंत्र ओळख निर्माण झाली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ती प्रथमच कायद्यात आली. स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी चाळीस बाबींची भारतीय मापनश्रेणी शासनाने २०१६ मध्ये अधिसूचित केली व त्याच वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस अपंगत्वांत तिचा समावेश केला. सहा ते अठरा वर्षे वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकास जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क या अधिनियमाने दिला. निवड पालकांवर सोपविणारी ही तरतूद उदार आहे. परंतु जवळच्या शाळेत काहीच तयारी नसेल, तर ही निवड नावापुरतीच उरते.

संक्रमणाची रीत : अनुभवी शिक्षक हे संक्रमण शाळा भरण्यापूर्वीच सुरू करतात. सुट्टीत रिकाम्या शाळेत मुलास दोन-चार वेळा नेणे, वर्ग, नळ, शौचालय व शिक्षक यांची छायाचित्रे त्याला घरी पाहावयास देणे, बसण्याची जागा आधीच नेमणे, ही त्यातील पहिली पायरी होय. नंतर मुलास ज्यात गती आहे, असा एखादाच तास निवडतात. चित्रकलेचा वा गणिताचा तास बहुधा सोयीचा ठरतो. तो अंगवळणी पडल्यावर अर्धा दिवस व क्रमाने पूर्ण दिवस. भिंतीवरील चित्र-वेळापत्रकातून पुढे काय होणार, हे मुलास कळते व त्याची अस्वस्थता कमी होते. सूचना थोडक्या व सरळ शब्दांत द्याव्या लागतात. ‘शहाण्यासारखा बस’ या वाक्यातून नेमके काय करावयाचे, हे त्याला उमगत नाही, पण ‘हात बाकावर ठेव’ हे उमगते. आवाज असह्य झाल्यास काही काळ जाऊन बसण्यासाठी एक शांत कोपरा राखून ठेवावा लागतो. तो शिक्षेचा कोपरा होऊ नये, ही काळजी महत्त्वाची.

गणिताच्या तासापेक्षा परिपाठ व मधली सुट्टी अधिक अवघड असतात, हे नवख्या शिक्षकास सहसा ठाऊक नसते. परिपाठात ध्वनिक्षेपक, रांग व एकमेकांना लागणारे धक्के असतात. मधल्या सुट्टीत तर कोणताच नियम दिसत नाही. पोषण आहाराच्या पंगतीत दररोज वेगळा पदार्थ व वेगळा वास असतो. अशा वेळी वर्गातील एक-दोन समंजस सोबती नेमल्यास पुष्कळ साधते. वर्गातील इतर मुलांना या मुलाच्या सवयींविषयी साध्या शब्दांत आधीच सांगितले, तर चिडविण्याचे प्रमाण कमी होते. न सांगितल्यास ‘वेडा’ हे नाव पहिल्याच आठवड्यात चिकटते.

सोबत बसणारा विशेष शिक्षक किंवा मदतनीस आरंभी आवश्यक असतो. परंतु तो कायमचा शेजारी बसला, तर वर्गशिक्षक त्या मुलाशी बोलेनासा होतो व इतर मुलेही दुरावतात. त्याने हळूहळू मागे सरकणे, हाच त्याच्या कामाचा मुख्य भाग आहे. पहिल्या काही आठवड्यांतील आरडाओरड हे अपयशाचे चिन्ह मानण्याची घाई होते. त्याहून अधिक चिंताजनक खूण वेगळीच असते : मूल शेवटच्या बाकावर निमूट बसू लागते, कोणास त्रास देत नाही आणि ‘रुळला’ असा शेरा मिळवते. असे मूल वर्गात असूनही शिक्षणाबाहेर असते. प्रगतिपुस्तक हे दाखवीत नाही.

संक्रमण उलट दिशेनेही होऊ शकते व तो मार्ग खुला असणे योग्यच आहे. काही मुलांना काही काळ लहान, शांत विशेष वर्गाची खरोखर गरज असते. आक्षेप आहे तो ‘आधी पात्र हो, मग ये’ या अटीला. ज्या कौशल्यांच्या अभावी मुलास सामान्य वर्ग नाकारतात, उदा., रांगेत थांबणे, पाळीपाळीने बोलणे, खेळात भाग घेणे, ती बहुतांशी सामान्य वर्गातच शिकता येतात. या अटीमुळे कित्येक मुलांची तयारी वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत चालू राहते.

कृष्णाकाठची परिस्थिती : कराड हे कृष्णा-कोयना संगमावरील तालुक्याचे ठिकाण पुण्यापासून सु. १६० किमी. अंतरावर आहे. लगतच्या मलकापूर येथे १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात स्वमग्नतेची चाचपणी समाविष्ट असल्याने अंगणवाडीच्या वयातच मूल नजरेस येण्याची शक्यता वाढली आहे. निदानानंतरचा मार्ग मात्र अद्याप लांबचा आहे. वाचा-उपचार व व्यवसायोपचार यांसाठी वारंवार मोठ्या शहरात जाणे म्हणजे मजुरी बुडणे. शिवाय उपचारासाठी मिळणारी चित्रपत्रे बहुधा शहरी वा परदेशी जीवनातील असतात. पावाचा तुकडा ओळखणारे मूल भाकरीचे चित्र नसल्याने घरी भाकरी मागू शकत नाही. घरच्या भाषेतील व घरच्या वस्तूंची चित्रे शिक्षकांनी व मातांनी स्वतः काढून घेणे, हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

खेड्यातील जिल्हा परिषदेची लहान शाळा या कामी गैरसोयीची समजली जाते. प्रत्यक्षात तिच्यात काही गुण आहेत. पट थोडा, आवाज कमी, शिक्षक तोच, निरनिराळ्या इयत्तांची मुले एकाच खोलीत, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या गतीने शिकणे ही तेथे नित्याचीच बाब; शिवाय मुलाला ओळखणारी शेजारपाजारची मुलेच वर्गात असतात. शहरातील साठ मुलांच्या तुकडीपेक्षा असा वर्ग पुष्कळदा खरोखरच कमी निर्बंधांचा असतो. कमी पटाच्या शाळा बंद करून मुले मोठ्या शाळेत समायोजित करण्याच्या चर्चेत हा मुद्दा विचारात घेतलेला आढळत नाही. दुसरी अडचण बदल्यांची आहे. मे महिन्यात बदल्या होऊन जूनच्या मध्यास शाळा उघडते, तेव्हा मुलाने छायाचित्रावरून ओळखीचे करून घेतलेले शिक्षकच दुसऱ्या गावी गेलेले असतात. ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गाव सोडणाऱ्या कुटुंबातील स्वमग्न मुलाच्या वाट्याला तर हा बदल दरवर्षी दोनदा येतो.

शिक्षक व पुढील शिक्षण : सर्व शिक्षा अभियान व २०१८ पासूनचे समग्र शिक्षा अभियान यांतून तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी संलग्न असे विशेष शिक्षक नेमले गेले. त्यांपैकी बहुतेक दीर्घकाळ कंत्राटी मानधनावर राहिले व एकेकाकडे अनेक शाळा सोपविल्या गेल्या. त्यामुळे एका मुलाची भेट कधी आठवड्याने, तर कधी महिन्याने होई. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांत विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करण्याचे आदेश दिले. त्यानंतर प्राथमिक स्तरावर दहा व त्यापुढील स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रशाळांच्या पातळीवर ४,८६० पदांना मान्यता दिली. दुसरीकडे, शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाची मुभा मिळाली. अंथरुणास खिळलेल्या मुलासाठी ती आवश्यक आहे; परंतु वर्गाला नको असलेल्या स्वमग्न मुलाचे नावही त्याच यादीत जाऊ शकते, आणि घराइतकी निर्बंधांची शाळा दुसरी नाही.

माध्यमिक स्तरावर विषयागणिक शिक्षक बदलतात, तुकड्या मोठ्या होतात व प्राथमिक शाळेत जमलेली घडी विस्कटते. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती स्वमग्न विद्यार्थ्यांना मिळतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्यायही अनेक कुटुंबे स्वीकारतात. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना मुलाबरोबर शाळा सोडल्याचा दाखला जातो. धर्म, जात, जन्मतारीख, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक व शाळा सोडल्याचे कारण यांचे रकाने त्यात आहेत. मुलास कोणता आवाज सहन होत नाही, तो कोणत्या चित्राने पाणी मागतो, कोणाशेजारी शांत बसतो व कोणत्या तासाला त्याचा चेहरा खुलतो, याची वैयक्तिक शिक्षण आराखड्यातील नोंद दाखल्यासोबत पाठविली जात नाही. ती बहुधा आईच्या वहीत असते आणि नव्या शाळेत पहिल्या दिवशी ती वही मागून घेणारा शिक्षक भेटला, तर निम्मे काम त्या दिवशीच झालेले असते.